तिसरा फोटो

लोणारच्या बसस्टँडसमोर त्याचं एक्स-रे सेंटर आहे. मी लहान मुलांचा डॉक्टर. माझी चिठ्ठी घेऊन पोरगं आलं, की मशीन सुरू करण्याआधी तो पोराच्या आईजवळ जुने एक्स-रे फोटो मागायचा आणि खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा मिटून, फार वेळ पाहायचा.

एकदा तसेच फोटो घेऊन तो पोराच्या आईसोबत माझ्या दवाखान्यात आला. हळूच म्हणाला, "साहेब, या लेकराचे महिन्यात दोन फोटो झाले. आता तिसरा काऊन? एवढ्याशा जिवाले किरणं कमी लागलेली बरी."

आधीच्या फोटोंची मी चौकशीच केली नव्हती. तरी त्या आईसमोर मला त्याचाच राग आला, आणि मी पोरं दुसऱ्या सेंटरला पाठवू लागलो. बाकीच्या डॉक्टरांनी ते कधीच सुरू केलं होतं. तो दिवसभर दारात एकटा बसलेला दिसायचा. मी दिसलो की उठून नमस्कार करायचा.

परवा माझी नात पायरीवरून पडली, मनगट सुजलं. तिला उचलून मी थेट त्याच्याकडे गेलो.

खुंटीवरच्या, किरणं अडवणाऱ्या शिशाच्या छोट्या एप्रनवरची धूळ पुसत त्यानं विचारलं, "हिचे आधी काही फोटो झाले काय, साहेब?"