मी सांगितलेले पथ्य

सर्वांच्या अंतरी वसणाऱ्या नारायणाला वंदन करून लिहावयास बसलो आहे. आज माझ्या मित्राचे वर्षश्राद्ध मीच चालविले. संकल्प सांगताना दोनदा अडखळलो.

ते उंब्रजचे, सैन्यातून निवृत्त झालेले, माझ्याहून बरेच लहान. रोज सकाळी देवळात फुले आणून देत. त्यांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी हे दोन्ही आजार होते. पत्नीखेरीज हे मलाच ठाऊक होते. तीर्थ घेतले की पायरीवर बसून ते एचआयव्हीची गोळी घेत आणि म्हणत, "गुरुजी, तुमची संध्या अन् माजी गोळी, खाडा न्हाई."

मग त्यांचे डोळे पिवळे झाले. सांगलीकडून कुणी काविळीचा झाडपाला आणून दिला. देणाऱ्याची अट अशी, की तो चालू असेतो दुसरे औषध पोटात जाता कामा नये.

"आवं गुरुजी, ही रोजची गोळी लय उष्ण हाय म्हणत्यात. तीच लिव्हर खाती का काय? बंद करू?"

मी ग्रंथ वाचलेला माणूस. म्हणालो, "झाडपाल्याचे पथ्य मोडू नका." डॉक्टरांना विचारा, एवढे मात्र सुचले नाही.

डोळे निवळले. मला धन्यता वाटली. गोळी सुटली ती सुटलीच. काही महिन्यांनी त्यांच्या पोटात पाणी झाले.

साताऱ्याच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई खाटेशी उभ्या राहून आम्हांला सांगत होत्या, "एचआयव्ही मोकाट सुटला की हिपॅटायटिस सी लिव्हर फार लवकर खराब करतो. ती गोळी लिव्हरलाही सांभाळत होती. एखादी गोळी सोसली नाही तर रक्त तपासून आम्ही ती बदलतो, उपचार थांबवत नाही. हिपॅटायटिस सी तर गोळ्यांनी बराही झाला असता. आता फार उशीर झालाय. कुणी बंद करायला सांगितली?"

माझे ओठ हलण्यापूर्वीच ते म्हणाले, "माजं मीच, बाई."

मी ते तसेच राहू दिले. पंधरवड्यात ते गेले.

आज पिंडदानानंतर त्यांच्या पत्नीपुढे मी सारे कबूल केले. त्या दर्भ गोळा करीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठावं हाय मला. गुरुजींचं नाव कुणाफुडं काढू नगंस, म्हणलं हुतं त्यांनी."

वाचकहो, आपल्या घरी ज्याचे औषध चालू असेल त्यात कधी खंड न पडो, आणि माझ्यासारख्या वडीलधाऱ्याचा शब्द त्याच्या आड न येवो. नारायण आपणांस व आपल्या कुटुंबास निरामय ठेवो.