लेझरसाठी अडून बसलेला बुढा

आमचा बुढा, दौलतराव, अल्लीपुरातला वांगीवाला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन गालात गाठ झाली. डॉक्टरनं साफ सांगतलं, कॅन्सर आहे, लवकर काढून टाका. अन् हा माणूस मांडी घालून बसला, म्हणे, "मी उज्वलाच्या मशीनीवरच जाईन."

उज्वला आमची पोट्टी, वर्ध्याले कॉलेजात संशोधन करते. लोखंडाची डोळ्याले न दिसणारी भुकटी जेलमधे कालवते. ते जेल गाठीत सोडायचं, चुंबकानं तिथंच धरून ठेवायचं अन् वरून लेझर मारायचा. भुकटी तापली की गाठ मरते, म्हणते. पण अजून उंदरावरही झालं नाई हे. तिनं दहादा समजावलं. बुढा ढिम्म. अन् इकडं माह्या जिवाले थारा नाई. भाकर टाकली तर तव्यावरच जळे. वावरात गेली तर अर्ध्या वाटेतून वापस येऊन त्याचं तोंड पाह्यत राहो. गाठ वाढून राह्यली अन् हा आपला किडके वांगे निवडत बसते, बाप्पा!

शेवटी पोट्टीनं आम्हाले दोघायले प्रयोगशाळेत नेलं. डोळ्यावर काळे चष्मे लावले. आमच्याच वावरातल्या वांग्यात ते काळं जेल टोचलं, लेझर लावला अन् मंग वांगं चिरून दाखवलं. जेलच्या भवतालचा चांगला गरही शिजून गेलता. ती म्हणे, "पाहा बाबा, किती तापन ते अजून माह्या हातात नाई. चांगला गालही जाईन."

बुढ्यानं वांगं उलटून पालटून पाह्यलं. मले वाटलं, आता तरी ऐकन.

"मले समजत नाई का?" तो म्हणे. "पण नवीन औषध पहिले वांग्याच्या एका तासावर मारूनच पाहा लागते. ती ओळ जळली तरी बाकीचं वावर वाचते. तुलेही कोणीतरी पहिला लागनच ना, बेटा."

अशी आग झाली माह्या अंगाची! म्हणजे हा भोळेपणानं नाई, जाणूनबुजून अडून बसलता. मी तोंड उघडणार, त्याच्या आधी पोट्टीच रडत त्याच्यापुढं उकिडवी बसली.

"बाबा, वांग्याचं एक तास गेलं तर वावर राह्यते. मले बाप एकच आहे."

बुढ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मंग माह्याकडं न पाहताच म्हणे, "चाल, ऑपरेशनची तारीख घेऊ."