माईंची घागर

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात आमची ख्रिस्ती प्रार्थनासभा भरायची ती नई सडकेच्या मागच्या एका लांबट दालनात. मंडळी बहुतेक हिंदी बोलणारी. मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांची आठवण बाकीच्यांना नाताळच्या फराळालाच व्हायची. राबायचं आम्ही आणि वाहवा गाणाऱ्यांची, अशी वाटणी होती. मला ती कधी पटली नाही, पण करंज्या मी दरवर्षी करत आले.

अनारसे शामलाबाईंकडे. शामला मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. तिचा नवरा लक्ष्मीकांत दक्षिणेतून आलेल्या पुरोहित घराण्यातला. त्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा भाऊबंदांनी त्याच्या नावानं आंघोळ केली. आईनं मात्र केली नाही. राजलक्ष्मीबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या माई, आपले देव आणि तांब्याची घागर घेऊन मुलाच्या मागोमाग माधवगंजातल्या भाड्याच्या घरात आल्या. अट एकच होती. चूल वेगळी आणि पाणी वेगळं. अंगणातल्या विहिरीवरून त्या आपलं पाणी आपण शेंदायच्या. सुनेनं त्यांच्या खोलीचा उंबरा रिकाम्या हातांनी ओलांडायचा, पाणी घेऊन कधी नाही.

लक्ष्मीकांत तापाच्या साथीत गेला. त्यानंतरही त्या दोघी तशाच राहिल्या, एका अंगणाच्या दोन बाजूंना. भांडण नव्हतं. माई आपल्या खोलीतून ओरडून सांगायच्या, "तांदळाचं पाणी बदललंस का गं?" सभेतल्या लोकांनी मिटक्या मारत खाल्लेला प्रत्येक अनारसा या बाईनं उंबऱ्याआडून शिकवलेला होता, आणि तिनं स्वतः त्यातला एकही कधी तोंडात घातला नव्हता. याला काय म्हणावं ते मला अजून कळलेलं नाही.

तर त्या वर्षीची गोष्ट. नाताळच्या आधीच्या चार रविवारांना आम्ही आगमनाचे रविवार म्हणतो. प्रभू येणार, म्हणून मन झाडूनपुसून ठेवायचं, असा त्याचा अर्थ. आमच्याकडे मनाऐवजी दालनच झाडलं जायचं. पाद्री दौलतसिंह यांनी एक रीत घातली होती. दर आगमन रविवारी एका घरानं उभं राहून साक्ष द्यायची, की या दिवसांत देव मला कुठे भेटला. हिंदीत ते त्याला गवाही म्हणायचे. पहिल्या रविवारी एकाची हरवलेली शेळी सापडली होती. दुसऱ्या रविवारी कंपाउंडर दिनकररावांची छत्री. आमच्या सभेत देव बहुधा हरवलेल्या वस्तूंबरोबरच भेटत असे.

चौथा रविवार शामलाचा होता. पूर्वी तिच्या घरची साक्ष लक्ष्मीकांत द्यायचा आणि लोक डोळे पुसायचे. आता तिची पाळी.

त्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. एका बाजूला मुलांच्या नाटकासाठी शिवायचे देवदूतांचे झगे, दुसरीकडे शाळेतल्या मुलींचं अर्धवट शिवण, आणि कढईत अनारसे. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात पसरून फुटतो, त्याला आपण हसला म्हणतो. त्या दिवशी तिचे सगळे अनारसे हसत होते. ती तेवढी हसत नव्हती.

"उषाताई, मी काय सांगू हो उभं राहून?" ती म्हणाली. "मला तर फुरसतच नाही. सकाळी उठली की शाळा, मग झगे, मग हे. रात्री प्रार्थनेला बसते तर झोप लागून जाते. देव आला असेल पण, तर मला दिसला नाही."

"काहीतरी सांग गं. लक्ष्मीकांतच्या शेवटच्या दिवसांचं सांग. लोकांना आवडेल."

"ते नाही सांगणार. आणि खोटं तर बोलणारच नाही." तिनं झारा खाली ठेवला. "खोटं बोलून बसली ना, तर मग ह्यांच्या मागे मी एवढी वर्षं उगीच त्या दालनात गेली, असं होईल. पाद्रीसाहेबांना सांगा, मी नाही उठणार. आणि यापुढे येणार पण नाही."

मी हे हसण्यावारी नेणार होते, पण तिचा चेहरा पाहिला. ती रागावलेली नव्हती, पार दमलेली होती. दमलेलं माणूस एकदा उठून गेलं की परत येत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

नाताळचा फराळ चौथ्या रविवारच्या सभेनंतर वाटायचा, म्हणून त्या सकाळी अनारशांचे डबे आणायला मी तिच्याकडे गेले. थंडी अशी, की विहिरीचा दोर हाताला चावत होता. शामला पाणी भरत होती. हंडा भरला, कळशी भरली, बादली भरली. झोपेत चालल्यासारखं तिचं चाललं होतं. माईंची तांब्याची घागर विहिरीच्या कट्ट्यावरच होती. तिनं तीही भरली, कमरेवर घेतली आणि चालू लागली.

माईंच्या खोलीचा उंबरा ओलांडून दोन पावलं आत गेल्यावर ती थांबली. मी अंगणातून पाहत होते. तिच्या पाठीवरूनच मला कळलं, की आपण काय केलं ते तिला आत्ता समजलं.

माई रजईत पडून होत्या. दोन दिवस अंगात कणकण होती, हे शामलाला माहीत होतं. माईंच्या कपाळाला हात लावून, ताप बघून मग ती शाळेत जात होती. पण दोन दिवस माईंना विहिरीवर जाता आलेलं नाही, घागर शुक्रवारपासून कोरडीच बाहेर पडली आहे, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. माईंनी सांगितलं नव्हतं. गडूत तळाशी राहिलेलं पाणी त्या घोटघोट पुरवत होत्या. घरात भरलेला हंडा होता, कळशी होती, आणि म्हातारी तहानलेली पडली होती.

"माई, चुकून झालं," शामला म्हणाली. "ओतून टाकते. घागर चिंचेनं घासून देते. शेजारच्या कृष्णरावांच्या घरून कोणाला बोलावते भरायला." ती दाराकडे वळली आणि परत फिरली. "तुम्ही सांगितलं का नाही?"

माईंनी घागरीकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. मला वाटलं, आता या बाई एवढ्या थंडीत उठून आंघोळीला जाणार.

"ओतू नकोस," त्या म्हणाल्या.

शामलानं घागर खाली टेकवली.

"गार असेल ते. जरा तापवून दे."

आता माईंची चूल दोन दिवस विझलेली. तापवायचं तर शामलाच्याच चुलीवर, जिच्यावर आम्हा ख्रिस्ती घरांसारखी अंडीही शिजत. हे माईंना माहीत नव्हतं असं नाही. शामलानं पाणी तापवून आणलं, माईंना मागून आधार देऊन बसवलं, आणि त्या तिच्या हातून ते संपेपर्यंत प्यायल्या. मग तोंड पुसत म्हणाल्या, "गूळ जास्त झालाय अनारशांत. परवाच वास आला होता मला."

सभेला आम्हाला उशीर झाला. दालनात शिरलो तेव्हा स्तोत्र संपत होतं. पाद्रीसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "बहनजी, आज की गवाही आपकी है।"

मी तिचा पदर धरणार होते, पण ती उठली. हिंदी तिला चांगली यायची, तरी ती मराठीतच बोलली.

"माझ्या सासूबाईंची घागर दोन दिवस रिकामी होती. मला दिसली नाही. आज चुकून माझ्या हातून भरली गेली. त्या म्हणाल्या, गार आहे, तापवून दे."

आम्ही मराठी घरं ऐकतच राहिलो. दिनकररावांना माईंचं सोवळं ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. बाकीचे लोक पुढचं ऐकायला थांबले होते.

"फिर?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

"फिर गरम करके दिया," शामला म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो गई साहब, इतनी ही थी।" त्यांनी मान हलवली आणि पुढचं स्तोत्र सांगितलं. फारसं काही त्यांच्या पदरात पडलं नसावं.

गाणं सुरू झालं तशी शामला चपला शोधू लागली. मी तिला दाराशी गाठलं. म्हटलं, येणार नाही म्हणाली होतीस, ते हेच का? फराळ कोण वाटणार?

"पुढच्या रविवारी येते ना," ती म्हणाली. "आज तुम्ही वाटा, उषाताई. माईंची पाण्याची वेळ होते आहे."