चिंचेने घासलेला सेंट

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि तिच्यापुढे तर माझ्या पोटात काही राहत नाही! मग तुम्हालाच का सांगते? कोण जाणे.

सत्तर सालाच्या आसपास आम्ही नंदनवन वस्तीत राहत होतो. यजमानांना जुन्या नाण्यांचं वेड. सदर बाजारातल्या एका जुन्या सामानवाल्याकडून त्यांनी मूठभर अमेरिकन सेंट आणले — तांब्याचे, काळपट, बहुतेक एकाच सालचे. भिंग घेऊन बसले आणि एकदम ओरडले, "अवं, इकडे ये! पाह्य, या एकावर सालाचे आकडे दोन-दोनदा उमटले! टांकसाळीच्या ठशातच चूक आहे. सापडत नाही वं असं कोणाले!" नाचायचेच काय ते बाकी होते. त्या भरात ते नाणं देवापुढच्या ताम्हनात ठेवलं. रविवारी मित्रांना दाखवायचं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी — दिवाळी तोंडावर, मी देवाची भांडी काढली. चिंच, मीठ, राख. गाणं गुणगुणत ताम्हन घासलं, पळी घासली, आणि त्याच ओघात — हो, तेही घासलं. असं लखलखलं म्हणून सांगू! क्षणभर मी खूशच झाले. मग आठवलं. जुनं नाणं घासलं की ते वाया गेलं, हे त्यांनी मला कितीदा तरी बजावलं होतं.

सांगायला काय झालं होतं? रागावले असते, संध्याकाळपर्यंत विसरलेही असते. पण मी? ते नाणं पदराला बांधून नाग नदीत टाकून आले, आणि त्यांच्या नाण्यांच्या डब्यातलं त्याच सालचं दुसरं काळं नाणं ताम्हनात ठेवलं.

रविवारी मित्र जमले. भिंग या हातातून त्या हातात गेलं. आकडे एकेरीच! "काय गा, सपन पडलं होतं का तुले?" सगळे खदखदून हसले. हेही हसले, पण चेहरा पार उतरला होता. मी चिवड्याच्या बशा पुढे केल्या. 

तेव्हापासून कुठलंही नवं नाणं आलं की आधी माझ्या हातात. "तूच पाह्य वं. मले माह्या डोळ्याचा भरवसा नाही." मी पाहू लागले — आणि काय सांगू, मला ते जमलं! ठशाला तडा गेला की नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावर केसासारखी रेघ उठते, ती मला चटकन दिसायची. एका भिंगावर दोघांची डोकी. चहा निवून जायचा, आम्ही भांडायचो, हसायचो. माझ्या संसारातले सगळ्यांत सुखाचे रविवार ते. ते कशावर उभे होते, हे मला एकटीला ठाऊक होतं.

यजमान गेले, तोवर सांगितलं नाही. आल्यागेल्याला कौतुकाने म्हणायचे, "माही नजर कच्ची गा. खरी पारख हिची." मी मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं, लाजली.