कमलेशच्या पत्त्यावरून

दहिवलीच्या हर्षदचं माउसशी कधी पटलंच नाही. कुंभिवलीजवळच्या ज्या प्रशिक्षण संस्थेत तो कॉम्प्युटर सांभाळायचा, तिथली बाकीची मंडळी रंगीत चौकोनांवर टिकटिक करत बसायची, आणि हा पठ्ठ्या काळी खिडकी उघडून तिच्यात पांढऱ्या अक्षरांत हुकूम लिहायचा. संस्थेची सगळी जुनी मेल त्याने एका जुन्या मशीनवर उतरवून ठेवली होती. कुणी विचारावं, "अरे हर्षद, त्या सिमेंटवाल्याने तेव्हा काय कबूल केलं होतं?" आणि याने एक ओळ टाइप करावी, की चहा बशीत ओतेपर्यंत मेल हजर. लोक तोंडात बोट घालायचे. यालाही ते आवडायचं, का नाही आवडणार? वरून मात्र म्हणायचा, "त्यात काय हाय एवढं!"

माणूस वाईट नव्हता, बरं का. फक्त कामात कचरा खपायचा नाही त्याला, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

संस्था आसपासच्या मुलींना सहा महिने ठेवून घ्यायची, रुग्णसेवा शिकवायची आणि दवाखान्यात कामाला लावून द्यायची. मुलगी दहावी पास हवी आणि पंचविशीच्या आतली हवी, बास. अर्ज मेलने करायचा.

आता पळसदरी स्टेशनाबाहेर कमलेशचं दुकान. झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म, सगळं तिथेच. वरच्या ठाकूरवाडीत स्वतःचा मेल-पत्ता कुणाला असणार? असला तरी पासवर्ड कोण ध्यानात ठेवतो? दाखल्याचं काम असो नाहीतर नोकरीचं, वाडीचं जे काही जायचं ते कमलेशच्या पत्त्यावरून. पण कमलेश पडला हौशी. गणपती, दसरा, स्वतःचा वाढदिवस, पुतण्याचं बारसं, काही म्हणून सोडायचा नाही. जाडजूड फोटो लावून यादीतल्या झाडून सगळ्यांना शुभेच्छा! संस्थेची मेलपेटी दर सणाला तुंबायची. अशाच एका दसऱ्याला हर्षदचं डोकं सटकलं. "आयला ह्या कमलेशच्या!" म्हणत त्याने एका ओळीचा नियम लिहून टाकला: या पत्त्यावरून जे येईल ते कुणाला न दाखवता थेट जुन्या मेलच्या ढिगात. कटकट मिटली. हर्षद हात धुऊन जेवायला गेला आणि तो नियम साफ विसरला.

पुढे दर वर्षी बैठकीत संस्थेच्या प्रमुख रुचिता मॅडम विचारायच्या, "वाड्यांमधून मुली का येत नाहीत आपल्याकडे?" आणि दर वर्षी हर्षद छाती पुढे काढून सांगायचा, "त्यांना नाय हो इंटरेस्ट, मॅडम. मी इथलाच, मला ठाऊक ना." मॅडम पुण्याच्या. इथल्या माणसाने सांगितलं म्हणजे असेल तसं, असं त्यांना वाटायचं.

यंदा देणगीदारांनी तेच लेखी मागितलं. मॅडम म्हणाल्या, "जुनी मेल तपासून सांग रे, म्हणजे अहवालात ठामपणे लिहिता येईल." हर्षदने बैठकीतच लॅपटॉप उघडला, काळ्या खिडकीत 'ठाकूरवाडी' असा शोध टाकला. खाली काही उमटलं नाही. "बघा. एक अर्ज नाय."

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करणारी वनिता तेव्हा टेबलावरचे कप उचलत होती. ती त्याच ठाकूरवाडीची. ती थबकली.

"पन दादा, मी भरला व्हता की. दोनदा."

"आला असता तर दिसला असता गं," हर्षद हसून म्हणाला. "मेल कुठं पळून जाते व्हय?"

"असंल मंग," म्हणून वनिता कप घेऊन आत गेली.

हर्षद आपल्या खोलीत आला, पण जीव थाऱ्यावर राहीना. एक गोष्ट त्याने बैठकीत सांगितली नव्हती. तो साधा शोध फाइलीत जे अक्षर जसं लिहिलंय तसंच पाहतो. सिमेंटवाल्याची मेल इंग्रजीत, म्हणून ती झटकन मिळायची. आणि मराठी मेल साठवताना यंत्र तिची इंग्रजी अक्षर-आकड्यांची गिचमीड करून ठेवतं. त्या गिचमिडीत साध्या शोधाला ठाकूरवाडीच काय, आख्खा खालापूर तालुका सापडला नसता! खरं पाहायचं तर सगळा ढीग उलगडून त्याची सूची करणारा दुसरा प्रोग्राम चालवायला हवा. हे त्याला बैठकीत शोध टाकतानाही माहीत होतं. नाही चालवला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण वनिताचं ते "असंल मंग" त्याच्या कानातून जाईना. त्याने सूची करायला लावली, डबा अर्धा खाल्ला, अर्धा तसाच मिटला, आणि मग पुन्हा टाइप केलं: ठाकूरवाडी.

काळी खिडकी भरून वाहायला लागली. पाठवणारा प्रत्येक ओळीत एकच, कमलेश. त्याच्या शुभेच्छांखालीही 'पळसदरी, ठाकूरवाडीकरांचं हक्काचं दुकान' अशी जाहिरात असायची, म्हणून त्याही आल्या. शुभ दीपावली. अर्ज, गोदा. बारशाचे फोटो. अर्ज, वनिता पोशा. शुभ दसरा. अर्ज, अर्ज, पुन्हा अर्ज, वनिता पोशा. वरच्या ओळी भरगच्च होत्या, खाली येता येता विरळ झाल्या, आणि शेवटी तर फक्त शुभेच्छाच उरल्या.

हर्षदला तो दसऱ्याचा नियम आठवला. अरे देवा, हे काय करून ठेवलं मी! मला माहीत नव्हतं, असं म्हणायलाही तोंड नव्हतं. त्याच्या बापाचे जमिनीचे कागद दहिवलीच्या दुकानदाराच्याच पत्त्यावरून जायचे की! एका पत्त्यामागे किती माणसं उभी असतात हे बाहेरच्याला कळलं नसतं, पण 'मी इथलाच' म्हणणाऱ्याला न कळायला काय झालं होतं?

त्याने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी अहवालाचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "नियम काढून टाक. अहवालात मी खरं तेच लिहीन. पण वनिताला सांगू नकोस. ती आता तिशीला आली, आपण तिला काय देणार? उगाच तिच्या जिवाला घोर."

हर्षदला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. तरी दोन दिवस त्याने तोंड उघडलं नाही. वनिता दुपारी त्याच्या डब्यात न मागता गरम भाकरी टाकायची, "काय दादा, जेवन जात नाय?" म्हणायची, आणि हा डबा मिटून उठायचा. शेवटी तो लॅपटॉप काखेत मारून स्वयंपाकघरात गेला. ती मोडाचे वाल सोलत बसली होती. तो समोर बसला आणि एका दमात सगळं बोलून मोकळा झाला. दसरा, कमलेशचे फोटो, तो नियम, बैठकीतलं हसणं, काही ठेवलं नाही.

वनिताचे हात चालूच राहिले. "म्हंजे मी नापास नवते?"

"कुणी वाचलाच नाय गं तुझा अर्ज. मी वाचू दिला नाय."

"मला वाटलं, आमच्यातच काय तरी कमी हाय," ती म्हणाली. "मंग मीच वाडीत सांगत सुटले, नका भरू गं पोरींनो, तितं आपल्याला घेत नाय. माजी धाकटी भन मंगळी. लय हुशार. तिनं फारम लिवला तर मी हातातून वडून फाडला. तवापास्नं बोलत नाय माज्याशी."

म्हणजे ते खालच्या ओळींचं विरळ होणंही याचंच काम होतं. त्यांना इंटरेस्ट नाय, हे वर्षानुवर्षं घोकलेलं वाक्य हर्षदने स्वतःच खरं करून दाखवलं होतं. "शिव्या दे गं मला," तो म्हणाला. "पायतान घे, पण गप नको बसू."

"शिव्या देऊन काय व्हतंय? अर्ज दाखवा माजा."

त्याने उघडून दिला. आतापर्यंत त्याने नुसते विषयच वाचले होते. टायपिंग कमलेशचं, पण शब्द वनिताचे. ती एकेका शब्दावर बोट ठेवत खाली गेली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. तिथे लिहिलं होतं: 'नाही घेतलं तरी चालेल. पण अर्ज पोचला एवढं तरी कळवा.'

हर्षदला पुढचं दिसेना.

"मंग कळवा की," वनिता म्हणाली.

"आता?"

"आता नाय तर कवा?"

त्याने टाइप केलं: 'अर्ज पोचला होता. आम्ही उघडलाच नाही. चूक माझी.' खाली पूर्ण नाव घातलं आणि कमलेशच्या पत्त्यावर पाठवून दिलं.

वनिताने पदराला हात पुसले आणि वालाचं ताट पुन्हा पुढे ओढलं. "उद्या जाऊन कमलेशदादाकडनं कागद काढून आनते," ती म्हणाली. "मंगळीला दाखवायचाय. फारम मी येकटीनं नवता फाडला, येवढं तरी कळंल तिला."