चार मजले उंच, उपाशी अणुभट्टी

चार माणसं रोज एका शेडमध्ये पाणी उकळत बसली की किस्से साचणारच. आम्ही तर पगार घेऊन पाणी उकळतो.

वसई ईस्टच्या इंडस्ट्रियल गाळ्यांमागे आमची टेस्ट रिग आहे. अणुभट्टी गार कशी राहते, ते बघायची छोटी प्रतिकृती. गरम पाणी वर चढून, गार होऊन खाली यायचं, म्हणून उंची खऱ्याइतकी. जाडी मात्र नावापुरती. त्यामुळे ती चार मजले उंच आणि उपाशी दिसते. युरेनियमच्या जागी इलेक्ट्रिक हीटर. युरेनियमचा कणही नाही, हे वाक्य आम्ही झोपेतही बोलतो.

आमची मोठी टेस्ट अशी: प्लांटची लाइट जाऊन पंप बंद पडले, तर पाणी आपलं आपण फिरून भट्टी गार ठेवतं का? त्यासाठी पंप बंद करायचा, हीटर चालू ठेवायचा. एकदा मोठे साहेब बघायला आले. आमच्या हेड मॅडमनी पंप बंद केला आणि तेवढ्यात अख्ख्या एरियाची लाइट गेली. हीटरही बंद!

साहेब अंधारात खूश. "वा, किती रिअल!"

मॅडम म्हणाल्या, "सर, टेस्ट कॅन्सल. लाइट गेली."

या मॅडम दशांशचिन्हापुढचा आकडाही सोडत नाहीत. मध्ये रोज दुपारी एका पाइपचं तापमान थोडं उतरायला लागलं. एवढ्याशा रिगमधून जराशी उष्णता पळाली तरी सगळा हिशेब बिघडतो. सेन्सर बदलले, वायरी बदलल्या. शेवटी मॅडम स्वतः भर दुपारी शिडी चढल्या. पाइपवर आमच्या गास गावच्या फिटरचा, पास्कलचा डबा.

"पास्कल, हे काय?"

"बोंबलाचं कालवन, मॅडम. थंड चांगलं लागत नाय."

मॅडमना खोटं लिहिता येत नाही. रिपोर्टमध्ये कालवणही गेलं.

आमचा इंजिनिअर मिलिंद विरारला भाड्याने राहतो. त्याच्या सोसायटीत कुणीतरी 'अणूचं काम' असं ऐकलं आणि सेक्रेटरींनी त्याला लिफ्टमधून एकट्यानेच जायला सांगितलं. मिलिंद म्हणतो, "पूर्ण विरारमध्ये लिफ्टमध्ये पाय पसरून उभा राहणारा मी एकटाच."

तर या मिलिंदचं होळी गावातल्या मुलीशी जमलं. दोघांचं पक्कं होतं, फक्त तिच्या वडिलांचा होकार राहिला होता. त्यांची फुलांची वाडी. रेडिएशनच्या भीतीने ते नाही म्हणतील, या धसक्याने मिलिंदचं जेवण सुटलं होतं. शेवटी त्याने त्यांना शेडवरच बोलावलं. ते आपले दोन भाऊ आणि मुलीची मावशी घेऊन आले.

मिलिंदने घाम पुसत सगळं दाखवलं. "काका, युरेनियमचा कणही नाही. नुसता हीटर. घरच्या गिझरसारखा."

काकांचा चेहरा पडला.

"गिझर? मी गावभर सांगून बसलोय, जावय अनुभट्टीवर हाय. आता काय सांगू, पानी तापवतो?"

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशी पर्स घेऊन उठली. मिलिंद रडायच्या बेताला आला. मला त्याची खरंच दया आली.

काका मॅडमकडे वळले. "मॅडम, तुम्ही मोठ्या. खरं काय ते सांगा. ही अनुभट्टी हाय का नाय?"

पास्कलने हातातला पाना खाली ठेवला.

मॅडमनी मिलिंदकडे पाहिलं. मग रिगकडे, वरपासून खालपर्यंत.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण अजून लहान आहे."