सफरचंदाचा अर्धा ओंडका

गेले दोन डिसेंबर माझी मुलगी फोन करते, पण घरी येत नाही. का येत नाही, हे आम्हा दोघींना माहीत आहे आणि त्यावर दोघीही बोलत नाही.

तिचे बाबा जवळजवळ चार वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वादळ झालं आणि घरामागचं सफरचंदाचं झाडही आडवं झालं. मुलीच्या जन्माच्या वर्षी त्यांनी ते लावलं होतं. मी माणूस बोलावून सगळं साफ करून घेणार होते, तेवढ्यात मुलगी गाडी घेऊन आली आणि दोन चांगले ओंडके स्वतःच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेली. ती सुतारकाम करते. दोन डॉक्टरांची मुलगी सुतार झाली, हे इथे परदेशातल्या मराठी मंडळात सांगायचं माझ्या जिवावर यायचं. बरीच वर्षं मी "डिझाइनमध्ये आहे" असं सांगून वेळ मारून नेली.

डिसेंबरात, वर्षातल्या सगळ्यात छोट्या दिवशी, ती त्यातला एक ओंडका घेऊन आली. मी आधी तिला कार्पेटवरच्या चिखलावरून बोलले. मी अशीच आहे.

या दिवशी ओंडका पेटवायचा, ही नॉर्वे-स्वीडनकडच्या जुन्या लोकांची रीत, ख्रिस्ती धर्म तिकडे पोचण्याआधीची. ती आणि तिचे मित्र काही वर्षं हे करत होते. मी नाक मुरडायचे. "आपले सण काय कमी पडले?" असं एकदा विचारलं, तर म्हणाली, "तुमचे सण तुमच्या फ्रेंड्ससाठी असतात, आई." मला फार राग आला, कारण ते खरं होतं.

त्या दिवशी तिने पटाशी काढली. ओंडक्यावर रून कोरायची होती, म्हणजे त्या लोकांचं जुनं अक्षर. रुनांमध्ये आडवी रेघ नसते, कारण लाकडाच्या रेषांमध्ये ती हरवून जाते. तिने हे सांगितलं आणि तिचं काम मला पहिल्यांदाच डोक्याचं वाटलं. तिने निवडलेलं अक्षर वर्षाचं होतं. एकमेकांकडे तोंड केलेले दोन कोन, जवळ असूनही न शिवणारे. अर्थ: वर्ष, आणि वर्षभराच्या कष्टाने हाती आलेलं पीक. एक कोन तिने कोरला आणि पटाशी माझ्या हातात दिली.

"दुसरा तू कर. फॉर बाबा."

जन्मभर मायक्रोस्कोपखाली काचपट्ट्या सरकवलेल्या माझ्या हाताला पटाशीची सवय नव्हती. कोन तिरका आला. "इट्स परफेक्ट," ती म्हणाली.

पाच वाजता अंधार पडला तेव्हा तिने फायरप्लेस पेटवली. ओंडका निम्मा जळल्यावर चिमट्याने बाहेर काढला आणि अंगणातल्या बर्फात विझवला. उरलेला तुकडा वर्षभर घरात जपायचा आणि पुढचा ओंडका त्यानेच पेटवायचा, म्हणजे विस्तव तोच राहतो. तिचा कोन जळून गेला होता. माझा तिरका कोन शाबूत होता.

"माझ्याकडे फायरप्लेस नाहीये. तू ठेवशील ना? प्रॉमिस?"

"ठेवते गं."

एप्रिलमध्ये वर्षश्राद्ध आलं. आदल्या दिवशी मदतीला आलेल्या चौघीजणींत आमच्या मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकू होत्या. त्यांना फायरप्लेसवरचा तो काळा तुकडा दिसला.

"अगं बाई, अर्धवट जळलेलं लाकूड घरात? आणि तेही ऐन श्राद्धाच्या दिवसांत?"

अर्धं जळलेलं लाकूड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्मशानच येतं. बाकीच्या तिघी वळून बघायला लागल्या. हे तिच्या बाबांनीच लावलेल्या झाडाचं आहे, यावरची खूण मी कोरली आहे, एवढं मी सांगू शकले असते. मी म्हणाले, "मुलीचं काहीतरी खूळ आहे, काकू." आणि तो तुकडा बाहेरच्या पालापाचोळ्याच्या पिशवीत टाकून आले. सोमवारी कचऱ्याची गाडी पिशवी घेऊन गेली. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

त्याच वर्षी डिसेंबरात मुलीचा फोन आला. "आई, तो पीस काढून ठेव हां."

मी हो म्हणाले. टाकून दिला ही चूक होती. हो म्हणाले, ते मात्र मी समजून उमजून केलं. ग्रोसरी स्टोअरमधून सरपणाची मोळी आणली, त्यातला एक तुकडा मागच्या डेकवर ग्रिलमध्ये काळा केला आणि भाजीच्या सुरीने त्यावर कोन कोरला. चांगला तास घेतला मी. या वेळी कोन सरळ आला.

ती आली, झाडाचा उरलेला शेवटचा ओंडका घेऊन. मी तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो तळहातावर तोलला, नाकाशी नेला, कोनावरून अंगठा फिरवला. आता बोलेल, असं मला वाटलं. बोलली असती तर मी आधी भांडले असते, मग रडले असते आणि सगळं सांगून टाकलं असतं.

"थँक यू, आई," एवढंच ती म्हणाली, आणि त्या तुकड्याने तिने ओंडका पेटवला. पाइनचं लाकूड तडतडलं, भसाभस जळालं. सफरचंदाचं तसं जळत नाही, हे आदल्या वर्षी मीही पाहिलं होतं.

ओंडका निम्म्यावर आला. ती उठेना, म्हणून मी चिमटा तिच्यापुढे धरला.

"राहू दे, आई," ती आगीकडे बघत म्हणाली. "जळू दे पूर्ण."